बीम इंजिनाचा एक पेन्सिल-अभ्यास: यात इमारत कोणती आणि यंत्र कोणते?

अनुरेखा, टिळकवाडी

नमस्कार. मी बेळगावात वास्तुरचनेचे शिक्षण घेत आहे. आमच्या एका निवृत्त शिक्षकांनी त्यांच्या संग्रहातील काही छापील चित्रे मला अभ्यासासाठी दिली असून त्यांत इंग्लंडमधील एका जुन्या बीम इंजिनाच्या, म्हणजे मोठी तुळई असलेल्या बाष्पयंत्राच्या, पेन्सिल-अभ्यासाची मोठी प्रत आहे. खाली चित्रकाराचे नाव नाही आणि सालही नाही. मागच्या बाजूस 'वास्तुचित्रकाराने केलेला यंत्राचा अभ्यास' एवढीच शिक्षकांच्या अक्षरातील नोंद आहे.

चित्राचे वर्णन करते. डाव्या बाजूस दगडविटांची एक जाड भिंत आहे आणि तिच्या माथ्यावर, घराच्या आत निम्मी व बाहेर निम्मी अशी, एक भली मोठी लाकडी तुळई टेकलेली आहे. तुळईच्या दोन्ही टोकांना कमानीसारखे गोलाकार भाग असून त्यांवरून साखळ्या खाली लोंबतात. आतली साखळी एका उभ्या सिलिंडरच्या वर येते, तर बाहेरची जमिनीतील विवरात नाहीशी होते. सिलिंडरला वरून झाकण आहे आणि झाकणाच्या कडेने बसवलेले नट एकेक करून, अगदी चौकोनी, काढलेले आहेत. सिलिंडरच्या शेजारी तुळईला टांगलेली एक उभी लाकडी पट्टी असून तिच्यावर ठिकठिकाणी खुंट्या आहेत. त्या कशासाठी असाव्यात हे मला समजलेले नाही. फिरणारे चाक कोठेही दिसत नाही. तुळई बाहेरच्या बाजूस झुकलेली आहे.

मला सर्वांत अधिक खटकते ते असे, की चित्रकाराने भिंतीवर, खिडकीच्या कमानीवर आणि तुळईखालच्या दगडांवर विलक्षण मेहनत घेतलेली आहे, परंतु सिलिंडरच्या खालचा भाग मात्र दोन-चार पुसट रेषांवर सोडून दिला आहे. यंत्राचा अभ्यास करायचा होता, तर यंत्रापेक्षा भिंतीला इतके महत्त्व का दिले असावे? हे यंत्र कोणत्या प्रकारचे आणि साधारण कोणत्या काळातील असेल, हेही जाणकारांनी सांगितल्यास उपकार होतील.

हे विचारण्यामागे एक हेतू आहे. संकेश्वरजवळ माझ्या मामांच्या गावी एका गुऱ्हाळावर जुने ऑइल इंजिन आणि तीन लाटांचा उसाचा चरक अजून उभा आहे. येत्या हंगामात त्याचा असाच पेन्सिल-अभ्यास करण्याची माझी इच्छा आहे, आणि केवळ ओबडधोबड देखावा काढून परतण्यापेक्षा, पाहणाऱ्याला ते यंत्र उमगेल असे काहीतरी माझ्या हातून व्हावे, असे मनापासून वाटते.

पॅटर्नमेकर, उद्यमबाग

ताई, प्रश्न वाचून फार आनंद झाला. मी आयुष्यभर फाउंड्रीसाठी लाकडी पॅटर्न, म्हणजे वाळूत ओतकामाचा साचा उमटवण्याचे नमुने, केले. त्यामुळे चित्रकलेविषयी बोलण्याचा अधिकार मला नाही, परंतु आपण केलेले वर्णन इतके नेमके आहे की यंत्राविषयी बरेच काही ठामपणे सांगता येते.

चाक नाही आणि बाहेरची साखळी जमिनीत जाते, याचा अर्थ हे खाणीतील किंवा विहिरीतील पाणी उपसणारे इंजिन आहे. अशा इंजिनांची सुरुवात थॉमस न्यूकोमेन याने केली. त्याचे 1712 मधील इंजिन इंग्लंडमध्ये डडली येथे एका कोळसा खाणीवर उभे राहिले. त्यात सिलिंडर वरून उघडा असे. सिलिंडरमध्ये वाफ भरायची, मग त्याच सिलिंडरमध्ये थंड पाण्याचा फवारा सोडून ती निववायची, म्हणजे आत पोकळी निर्माण होते आणि वरच्या हवेचा दाब दट्ट्याला (पिस्टनला) खाली रेटतो, अशी ती रचना होती. प्रत्येक फेरीत सिलिंडर तापवायचा आणि पुन्हा थंड करायचा, त्यामुळे कोळसा अतोनात लागे. जेम्स वॅटने 1769 मध्ये वाफ निववण्यासाठी वेगळ्या पात्राचे पेटंट घेतले आणि सिलिंडरचे तोंड झाकणाने बंद केले. आपल्या चित्रात झाकण आहे आणि त्याच्या कडेने नट आहेत. म्हणून हे न्यूकोमेनच्या धर्तीचे मूळ इंजिन नसून वॅटच्या पद्धतीचे आहे, असे मी निःशंकपणे म्हणेन. चित्रकाराने ते नट काढण्याचा आळस केला असता, तर आज आपल्याला हे ठरवताच आले नसते.

आता साखळ्यांकडे पाहू. साखळी ओढू शकते, ढकलू शकत नाही. पाणी उपसण्याच्या इंजिनात दट्ट्या फक्त खाली येताना काम करतो आणि परतीच्या वेळी पंपाच्या दांड्यांचे वजन तुळईला बाहेरच्या बाजूने खाली खेचते. तेवढ्यासाठी साखळी पुरते. पुढे दट्ट्याकडून दोन्ही दिशांना काम करून घेण्याची वेळ आली, तेव्हा साखळीच्या जागी ढकलता येईल अशी दांड्यांची जोडणी आवश्यक झाली. ती समांतर गतीची जोडणी वॅटने 1784 मध्ये सिद्ध केली, आणि आपल्या सर्व यांत्रिक शोधांमध्ये तिचाच अभिमान आपल्याला अधिक वाटतो असे त्याने स्वतः लिहून ठेवले आहे. आपल्या चित्रात दोन्ही टोकांना साखळ्या आहेत, म्हणजे यंत्राची घडण त्याआधीच्या रीतीची आहे. अशी इंजिने पुढेही दीर्घकाळ चालत राहिली, त्यामुळे यंत्राच्या घडणीवरून चित्राचे साल ठरवण्याची घाई मात्र करू नये. 1779 मधील स्मेथविकचे वॅट-पद्धतीचे इंजिन आजही बर्मिंगहॅमच्या संग्रहालयात पाहायला मिळते.

खुंट्यांची ती पट्टी म्हणजे या यंत्राचा खरा कारभारी होय. तुळईबरोबर ती खाली-वर होते आणि तिच्यावरील खुंट्या योग्य वेळी व्हॉल्व्हच्या दांड्यांना धक्का देऊन वाफेची वाट उघडतात व बंद करतात. खुंटीची जागा थोडी वर-खाली केली की व्हॉल्व्ह उघडण्याची वेळ बदलते. म्हणून त्या पट्टीवर वापरात नसलेली भोकेही दिसतात का, ते भिंगातून पाहावे.

तुळई बाहेरच्या बाजूस झुकलेली आहे, यावरून इंजिन त्या वेळी थांबलेले असावे असा माझा तर्क आहे. वाफ नसताना पंपाच्या दांड्यांचे वजन बाहेरचे टोक खाली आणते. चालत्या तुळईसमोर बसून इतके बारीक रेखाटन होणे तसेही अवघडच.

आणि आता आपल्या मूळ शंकेविषयी. आपण भिंत आणि यंत्र वेगळे धरत आहात. त्या काळी ते वेगळे नव्हते. तुळईचा सगळा भार, दट्ट्याची ओढ आणि पंपाच्या दांड्यांचे वजन त्या एका भिंतीवर येत असे. ती भिंत काढून टाकली तर इंजिन उभेच राहणार नाही. सिलिंडर आणि तुळई यांना एकत्र धरून ठेवणारा बिडाचा सांगाडा पुढच्या काळात आला. तोपर्यंत ते काम गवंड्याच्या हातचे होते. म्हणून चित्रकाराने भिंतीवर मेहनत घेतली, ती यंत्रावरच घेतली असे मी समजतो.

गोकाककर

वरील उत्तर जपून ठेवावे असे आहे. एक भर घालतो. अनुरेखाताईंनी संकेश्वरला जाण्यापूर्वी गोकाक धबधब्यावर अवश्य एक फेरी मारावी. घटप्रभा तेथे सुमारे 52 मीटर खाली कोसळते आणि त्या पाण्याच्या बळावर चालणारी सूतगिरणी 1887 च्या सुमारास काठावर उभी राहिली. झुलत्या पुलावरून पाहिले की खडक, दगडी बांधकाम आणि खाली दरीत उतरणारे नळ एकाच दृष्टिक्षेपात येतात, आणि पॅटर्नमेकर काका म्हणतात ती गोष्ट, म्हणजे यंत्राचा भार शेवटी कशावर उभा आहे हे, तेथे डोळ्यांना दिसते. कारखान्याच्या आवारात रेखाटन करायचे असल्यास आधी लेखी परवानगी घ्यावी. पुलावरून आणि समोरच्या काठावरून काढण्यास सहसा कोणी हरकत घेत नाही. पावसाळ्यात तुषारांमुळे कागद ओला होतो, म्हणून दिवाळीनंतरचा काळ बरा.

कलाशिक्षक, निपाणी

पॅटर्नमेकर साहेबांचे विवेचन मला पूर्णपणे पटले. मात्र सिलिंडरचा खालचा भाग पुसट का ठेवला, या प्रश्नाला उत्तर राहिले आहे. ते चित्राच्या बाजूने द्यावे लागेल.

अभियंत्याचा आराखडा आणि चित्रकाराचा अभ्यास यांची कामे निरनिराळी असतात. आराखड्यावरून वस्तू घडवायची असते, म्हणून त्यात प्रत्येक माप लागते आणि दूरची वस्तू लहान दाखवून चालत नाही. केंब्रिजमध्ये यंत्रांच्या प्रतिकृती मांडून शिकवणारे विल्यम फॅरिश यांनी 1822 मध्ये सममितीय (आयसोमेट्रिक) रेखाटनाची पद्धत मांडली ती याच गरजेतून. याउलट वास्तुचित्रकार एका ठिकाणी उभा राहतो आणि तेथून जे जसे दिसते ते यथादर्शनाच्या (पर्स्पेक्टिव्हच्या) नियमांनी उतरवतो. अंधाऱ्या इंजिनघरात सिलिंडरचा तळ दिसत नसेल, तर तो कल्पनेने भरून काढणे या परंपरेत अप्रामाणिकपणाचे मानले जाई. त्या पुसट रेषा म्हणजे 'येथवर मला दिसले' अशी त्याची सही आहे, असे मी विद्यार्थ्यांना सांगतो. दुसरे कारण व्यवहाराचे असू शकते: असे अभ्यास पुढे जलरंगातील चित्रासाठी किंवा तांब्याच्या पत्र्यावरील कोरीवकामासाठी केले जात, आणि जो भाग पुढे गडद छायेत जाणार हे ठरलेले असे, त्यावर पेन्सिल झिजवण्याचे कारण नसे.

इमारती काढायला शिकलेला हात कारखान्यांकडे वळण्याची उदाहरणे युरोपात बरीच आहेत. टर्नर हा निसर्गचित्रांसाठी जगप्रसिद्ध असला तरी तरुणपणी त्याने थॉमस माल्टन या वास्तुचित्रकाराकडे धडे घेतले होते, आणि 1798 मध्ये वेल्समधील सिफार्थफा येथील लोखंडाच्या कारखान्याचे त्याने पेन्सिल-अभ्यास केले. पुढे 1807 मध्ये रॉयल अकादमीने त्याला यथादर्शनाचा प्राध्यापक नेमले. प्रशियाचा थोर वास्तुविशारद शिंकेल 1826 मध्ये इंग्लंडला गेला, तेव्हा मँचेस्टरच्या अनेक मजली सूतगिरण्यांची रेखाटने त्याने आपल्या रोजनिशीत केली. त्या गिरण्यांच्या प्रचंड, अलंकाररहित भिंती पाहून तो अस्वस्थ झाला होता, आणि तरीही त्याने त्या बारकाईने काढल्या. ही गोष्ट मला त्याच्याविषयी आदर वाटायला लावते.

आपल्याकडेही हा धागा आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर मूळचे बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचे. ते मुंबईला जे. जे. कलाशाळेत चित्रकला शिकायला गेले, रंग ओळखण्यात दोष असल्याचे लक्षात आल्यावर रंगचित्रण सोडून त्यांनी यांत्रिक रेखाटनाचा रस्ता धरला, आणि काही काळ मुंबईच्या तंत्रशिक्षण संस्थेत तोच विषय शिकवला. बेळगावात सायकलींच्या दुकानापासून सुरुवात करून ते कडबा कापण्याचे यंत्र आणि लोखंडी नांगर यांपर्यंत पोहोचले. किर्लोस्करवाडी त्यानंतरची, 1910 मधील. तसेच बेळगावात जन्मलेले आणि के. बी. कुलकर्णी सरांच्या हाताखाली घडलेले रवी परांजपे यांनी वास्तुचित्रणात जे नाव मिळवले, ते आपल्या भागातील चित्रकलेच्या प्रत्येक विद्यार्थ्याने अभ्यासावे असे आहे. अनुरेखा, तुमच्या हाताला ही शिस्त नवी वाटण्याचे कारण नाही. ती याच मातीत रुजलेली आहे.

आता प्रत्यक्ष कामाविषयी. गुऱ्हाळावरील इंजिनाची मोठी चाके बाजूने पाहताना लंबवर्तुळाकार दिसतील, आणि नव्याने काढणाऱ्यांचे चित्र नेमके तेथेच बिघडते. आधी चाकाच्या आसाची दिशा एका हलक्या रेषेने ठरवा. लंबवर्तुळाचा लहान अक्ष त्याच दिशेत आला पाहिजे आणि मोठा अक्ष त्याला काटकोनात. हे साधले की चाक आपोआप आसावर बसते. न साधल्यास कितीही छायांकन केले तरी ते निखळून पडल्यासारखे दिसते. चरकाच्या तीनही लाटांचे आस परस्परांना समांतर असतात, म्हणून त्यांच्या टोकांच्या वर्तुळांचा कलही जुळायला हवा.

पेन्सिलींचा फार मोठा संच लागत नाही. अठराव्या शतकातील इंग्रज चित्रकार बॉरोडेलच्या खाणीतील नैसर्गिक ग्राफाइट वापरत, आणि ग्राफाइट व माती यांचे प्रमाण बदलून कठीण-मऊ शिसे तयार करण्याची कोंते या फ्रेंच संशोधकाची पद्धत 1795 मधील आहे. तुमच्या चित्रकाराकडे कदाचित एकाच प्रतीची पेन्सिल असेल. गडदपणा तो हाताच्या दाबाने आणि टोकाच्या धारेने आणत असेल. तुम्ही मांडणीसाठी एचबी आणि सावल्यांसाठी 2बी किंवा 4बी घ्या, एवढे पुरे. तेलकट लोखंड काढताना बोटाने घासून चकाकी आणण्याचा मोह टाळा. कागद कोरा सोडलेली एक अरुंद पट्टी आणि तिच्या लगत एकदम गडद रेषा एवढ्यानेच लोखंड चमकू लागते, आणि घासलेल्या भागावर पुन्हा स्वच्छ रेषा उमटत नाही.

अनुरेखा, टिळकवाडी

काका, सर, आणि गोकाककर, आपणा सर्वांची मी अत्यंत ऋणी आहे. भिंगातून पाहिले, खुंट्यांच्या पट्टीवर रिकामी भोके खरोखरच आहेत, आणि दोन भोकांच्या कडा झिजल्यासारख्या दाखवलेल्या आहेत. तुळईखालील दगडही पुन्हा पाहिले. इतर दगडांपेक्षा ते मोठे व नीट घडवलेले आहेत, आणि त्यांच्या सांध्यांपाशी चित्रकाराने पेन्सिल अधिक दाबलेली आहे.

एक शंका अजून आहे. सर म्हणतात की जे दिसत नाही ते सोडावे, आणि काका म्हणतात की नट काढले नसते तर यंत्र ओळखता आले नसते. गुऱ्हाळावरच्या इंजिनात लहानमोठे भाग इतके आहेत की सगळे काढणे शक्य होणार नाही. कोणते घ्यावे आणि कोणते सोडावे, हे ठरवायचे कसे? शिवाय तेथे इंजिनाला भिंतीचा आधार नाही. ते उघड्यावर, नुसत्या छपराखाली आहे.

पॅटर्नमेकर, उद्यमबाग

ताई, भिंत नसली तरी पाया आहे. इंजिन आणि चरक यांच्यामधला पट्टा दोघांना एकमेकांकडे सतत ओढत असतो, आणि ती ओढ शेवटी जमिनीत गाडलेले बोल्ट व त्यांभोवतीचे बांधकाम सोसते. म्हणून सुरुवात खालून करावी. पाया, बोल्ट, इंजिनाची बैठक, मग आस, मग चाके, मग पट्टा, या क्रमाने भार जमिनीपासून वर चढवत न्यावा. या वाटेत जो भाग भार घेतो किंवा गती पुढे देतो तो काढावा. तेलाची डबी, टांगलेले फडके, पत्र्याचे झाकण यांसाठी एखादी रेघ पुरे. आपल्या चित्रातील नट झाकण घट्ट धरून वाफेचा दाब सोसतात, म्हणून ते या हिशेबात बसतात. तेव्हा सरांचे म्हणणे आणि माझे म्हणणे यांत मला विरोध दिसत नाही.

कोणता भाग कसा घडला आहे हेही रेषेत दिसावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे, कारण बहुतेक चित्रांत सगळे लोखंड एकसारखेच काढलेले असते. बिडाच्या ओतीव भागाचा आतला कोपरा कधीही धारदार नसतो. तेथे आम्ही पॅटर्नवरच गोलाई ठेवतो, कारण टोकदार कोपऱ्यात ओतकाम थंड होताना तडा जातो. त्याच्या उभ्या बाजूंना किंचित उतार असतो, नाहीतर पॅटर्न वाळूतून उचलताना साचा मोडेल. घडीव भागाच्या कडा मात्र स्वच्छ असतात आणि त्यांवर कधीकधी घणाचे ठसे राहतात. जुन्या पुलीचे आरे वाकडे दिसले तर ते सरळ करू नका. परिघ आणि आरे एकाच वेळी थंड होत नाहीत, त्यामुळे आकुंचनाचा ताण सहन व्हावा म्हणून ते मुद्दाम वक्र ठेवलेले असतात. नट चौकोनी आहेत की षट्कोनी तेही पाहा. आट्यांचे प्रमाण ठरवून देणारी व्हिटवर्थ या इंग्रज अभियंत्याची पद्धत 1841 मध्ये आली. त्यापूर्वी एका कारखान्याचा नट दुसऱ्याच्या बोल्टवर बसेलच याची खात्री नसे.

शेवटी एक काळजीची सूचना. चालू इंजिनाच्या पट्ट्याजवळ ओढणी किंवा मोकळे केस घेऊन बसू नका. पट्ट्याच्या रेषेत तर कधीच नको, कारण सांधा सुटला तर पट्टा त्याच दिशेने फेकला जातो. आधी गुळव्यांना विचारून इंजिन केव्हा थांबते ते माहीत करून घ्या आणि मापे तेव्हाच घ्या. चित्र झाल्यावर येथे अवश्य टाका. ओतीव आणि घडीव भाग नीट वेगळे दिसतात की नाही, हे मी पाहून कळवीन.